'मिंट कंडिशन'ला मराठीत काय म्हणावं? 'कोरं' चालेल का?

सांधेवाला
मॉडेल आगगाड्यांचा नाद असलेले आम्ही चारपाच जण एक शब्दयादी करतोय. ऑनलाइन लिलावात जुन्या गाड्या विकताना जी वर्णनं लिहितात, त्यांतल्या ठरावीक शब्दांचे मराठी अर्थ. नवा माणूस वर्णनावर भरवसा ठेवून बोली लावतो आणि फसतो, म्हणून हा उद्योग. पहिल्याच शब्दाला अडलो: मिंट. मी 'कोरं करकरीत' लिहिलं. मित्राने तिथल्या तिथे खोडलं. त्याचं म्हणणं, कोरा म्हणजे ज्यावर काही लिहिलेलं नाही तो, कोरा कागद. इंजिन कोरं कसं असेल? 'नवंकोरं'मध्ये अर्थ 'नवं'चा आहे, 'कोरं' नुसतं जोडीला आलंय.

मला हा शब्द नेमका हवाय, कारण नुकताच हात पोळलाय. 'मिंट' म्हणून घेतलेलं इंजिन आलं. खोका टवटवीत, रंगाला ओरखडा नाही. उलटं करून भिंगाखाली चाकं पाहिली. हल्लीच्या बऱ्याच मॉडेलांची चाकं काळसर केलेली असतात. गाडी धावली की रूळ घासतो तेवढ्या भागातला काळेपणा निघून धातूचा चकचकीत पट्टा उघडा पडतो. इथे सहाच्या सहा चाकांवर तो पट्टा होता, आणि कडेला काळा राप धरलेला. विकणाऱ्याला विचारलं तर उत्तर आलं, "मिंट म्हणजे चांगल्या स्थितीतलं." 'चांगलं' आणि 'एकदाही न चालवलेलं' यांतला फरक एका शब्दात सांगायचा आहे. सुचवा.

जरीकाठ
गाड्यांतलं मला काही कळत नाही, पण 'कोरं' माझ्या ओळखीचं आहे. तुमच्या मित्राने फक्त कागद पाहिलेला दिसतो, कापड नाही. कोरं लुगडं म्हणजे ज्याला अजून पाणी लागलेलं नाही ते. त्यावर बुट्टे असतात, काठ असतात, पदर भरलेला असतो, म्हणजे 'ज्यावर काही नाही' हा अर्थ तिथे लागूच होत नाही. माझी आजी डोळे मिटून नुसतं बोटांत कापड चुरगाळून सांगायची, कोरं आहे की धुतलेलं. खळ हाताला लागते. एकदा पाण्यात पडलं की मग ते इस्त्री करून पेटीत वर्षानुवर्षं जपा, नवं म्हणा हवं तर, कोरं म्हणता यायचं नाही. तुम्हाला हवी तीच अट आहे ही. इंजिन रुळावर उतरलं की कोरेपण संपलं. बिनधास्त लिहा.

शब्दवेल्हाळ
'कोरा' शब्द बरा आहे, परंतु मुळाशी जावे. 'मिंट' म्हणजे टांकसाळ. त्या शब्दाचे मूळ लॅटिन 'मोनेटा'. रोममध्ये जुनो मोनेटा या देवीच्या देवळापाशी नाणी पाडली जात. टांकसाळीतून नुकतेच निघालेले, कोणाच्या हाती न लागलेले नाणे हा मूळ अर्थ. आपल्याकडे टंकशाळा, टांकसाळ असा शब्द असताना 'टांकसाळी' हे विशेषण का घेऊ नये? 'टांकसाळी स्थिती'. दोन्हीकडची प्रतिमा एकच.

दुहेरीरूळ
'टांकसाळी इंजिन' वाचून कोणाला काय कळणार आहे? प्रतिमा एक असून चालत नाही, ती वाचणाऱ्याच्या ओठांवर असावी लागते. मी तर यंत्राने भाषांतर केलेल्या एका वर्णनात 'पुदिन्याच्या स्थितीत' असंही वाचलंय. जरीकाठ यांना माझं मत.

पण सांधेवाला, 'मिंट' निदान चाकं बघून पकडता येतं. यादीत 'अनटेस्टेड' आधी घ्या. माझा खरा राग त्या शब्दावर आहे. "रूळ नसल्यामुळे तपासले गेलेले नाही" असं लिहितात. अहो, दोन रुळांचं साधं डीसी इंजिन जागं आहे की नाही हे बघायला रूळ कशाला हवेत? नऊ व्होल्टची चौकोनी बॅटरी आणि दोन वायरी घ्यायच्या, एक डावीकडच्या चाकांना, एक उजवीकडच्या चाकांना टेकवायची. मोटर गुरगुरली तर जीव आहे. अर्ध्या मिनिटाचं काम. ज्याच्याकडे फोटो काढून, मापं टाकून विकायला वेळ आहे त्याच्याकडे हे अर्धं मिनिट नाही? तपासलं, चाललं नाही, आणि मग लिहिलं 'अनटेस्टेड', अशीच माझी समजूत होत चाललीय.

जरीकाठ
"तपासले गेलेले नाही" हे मराठीच नव्हे. कोणी तपासलं नाही ते सांगा ना. "मी तपासलेलं नाही" म्हटलं की माणूस जबाबदारीत सापडतो. 'गेलेले'मध्ये करणारा गायब होतो. यादीत करणारा दिसेल असं वाक्य द्या.

सांधेवाला
हे एकदम पटलं. 'अनटेस्टेड'साठी शब्द नको, वाक्यच देतो: "मी चालवून पाहिलेलं नाही."

आता दुसरी अडचण. 'डीसीसी रेडी'. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी: डीसीसी म्हणजे रुळांतून वीज आणि आज्ञा दोन्ही पाठवून प्रत्येक इंजिन वेगळं चालवायची पद्धत. त्यासाठी इंजिनात डिकोडर नावाची चिप लागते. 'रेडी' म्हणजे आत नुसतं सॉकेट आहे, आठ पिनांचं किंवा आणखी कुठलं. चिप नाही, ती आपली आपण आणून बसवायची. चिप बसवलेली असेल तर 'डीसीसी फिटेड'. मी 'डीसीसी-तयार' लिहिलंय.

शब्दवेल्हाळ
'तयार' फारसीतून आलेला. 'सिद्ध' म्हणावे. 'डीसीसीसिद्ध'.

दुहेरीरूळ
शब्दवेल्हाळ, आपण ज्यावर बोलतोय तो 'लिलाव' पोर्तुगीजांकडून आलाय आणि 'इंजिन' इंग्रजांकडून. हे दोन चालतात तर 'तयार'नेच काय घोडं मारलंय?

शब्दवेल्हाळ
आलेल्या शब्दांना हाकला असे मी म्हटलेले नाही. नवा शब्द घडवायची वेळ येईल तेव्हा आधी घरात बघावे, इतकेच म्हणणे आहे. घर न धुंडाळता शेजाऱ्याकडे वाटी घेऊन जाणाऱ्यांची मला चीड येते.

जरीकाठ
मूळ कुठलं का असेना, दोन्ही शब्द इथे चुकीचे आहेत. मराठीत तयार म्हणजे काम पुरं झालेलं. तयार कपडे घेतले की घरी येऊन शिवायला बसत नाही कोणी. 'डीसीसी-तयार' वाचून मी तरी समजेन की चिप आत आहे. 'सिद्ध' तर त्याहून पक्कं. तुम्ही लोकांना ज्या फसवणुकीपासून वाचवायला निघालात ती शब्दातच परत येतेय. आपल्याकडे 'सोय' म्हणतात. पंख्याची सोय आहे म्हणजे छताला हुक आहे, पंखा तुमचा तुम्ही आणा.

सांधेवाला
"डीसीसीची सोय आहे, चिप नाही." वा! मी तीन दिवस डोकं खाजवत होतो.

मधलारूळ
उशिरा आलो. माझं दुखणं वेगळं. तुमच्या यादीत 'माप' असा एकच शब्द ठेवू नका. 'माप: एचओ/ओओ' असं सर्रास लिहितात, मधे तिरकी रेघ मारून. दोन्ही १६.५ मिलिमीटरच्या रुळांवर धावतात हे खरं, पण ती रुळांतली रुंदी झाली. प्रमाण वेगळं: एचओ १:८७, ओओ १:७६. एकाच खऱ्या डब्याचं ओओ मॉडेल ३० सेंटिमीटरचं असेल तर एचओ मॉडेल साधारण २६ सेंटिमीटरचं होतं. एका गाडीला जोडा, डोळ्यांत खुपतं. रुंदीला 'गेज' आणि प्रमाणाला 'प्रमाण' म्हणा, 'माप' काढून टाका.

त्यातून माझी गाडी मेर्क्लिन या जर्मन कंपनीची, तीन रुळांवरची, एसीवर चालणारी. हल्लीच्या पट्ट्यांत मधला रूळ म्हणजे स्लीपरांवरच्या बारीक टाचण्यांची रांग, फोटोत धड दिसतही नाही. वर्णनात लिहितात 'एचओ', आणि ते खोटं नसतं. पण त्या इंजिनाची डावी-उजवी चाकं एकमेकांपासून विजेने तोडलेली नसतात. दोन रुळांच्या पट्टीवर ठेवलं की थेट शॉर्टसर्किट. दुहेरीरूळ, तुमची बॅटरीची युक्तीसुद्धा इथे दोन्ही वायरी चाकांना लावून चालायची नाही. एक पोटाखालच्या, मधल्या रुळाला टेकणाऱ्या सरकपट्टीला, एक चाकांना.

शिवाय 'झिंक पेस्ट' या शब्दाचं काहीतरी करा. मी देवनागरीत वाचलं तेव्हा कसला तरी लेप लावलाय असं वाटलं होतं. इथे 'पेस्ट' म्हणजे उपद्रव. जस्ताच्या मिश्रधातूत शिसं मिसळलं गेलं की धातू आतून तडकतो, फुगतो, शेवटी बोटाने दाबला तरी भुगा होतो. दुसऱ्या महायुद्धाआधीच्या कितीतरी ओतीव चाकांची नि सांगाड्यांची ही गत झालीय. इलाज नाही. आणि वर्णनात काय असतं? 'वयोमानानुसार किरकोळ तडे'. मी असा एक सांगाडा घेतला. खोक्यातून काढताना बफरबीम, म्हणजे धक्के झेलणाऱ्या दट्ट्यांची टोकाची आडवी पट्टी, हातात राहिला, उरलेलं खोक्याच्या तळाशी राखाडी खड्यांसारखं पडलेलं.

दुहेरीरूळ
वाईट वाटलं वाचून. 'जस्ताची कीड' म्हणूया.

शब्दवेल्हाळ
कीड सजीव असते. येथे कृमी नाही, कीटक नाही. 'जस्तक्षय' हा शास्त्रशुद्ध शब्द होईल.

जरीकाठ
दाताला कीड लागते तेव्हा त्यात किडा कुठे असतो? तरी दात किडतोच. आणि कीड म्हटलं की माणूस हातातली वस्तू उलटून बघतो. 'क्षय' वाचून कोणी बघणार नाही. कीडच हवी.

शब्दवेल्हाळ
दाताचे उदाहरण बिनतोड आहे. कीड मान्य.

दुहेरीरूळ
मग आता 'रेअर' घ्या. दुर्मीळ. कारखान्याने वर्षानुवर्षं काढलेलं, दर लिलावात पाचपाच दिसणारं इंजिन 'अतिदुर्मीळ' म्हणून येतं. आणि हिरवं इंजिन दिसलं की 'फ्लाइंग स्कॉट्समन'. ते खरं ब्रिटिश वाफेचं इंजिन १९२३चं, पुढे चार चाकं, मधे सहा मोठी, मागे दोन, शिवाय कोळशाचा वेगळा डबा, म्हणजे टेंडर. फोटोत असतं सहाच चाकांचं, पाण्याची टाकी अंगावरच असलेलं, टेंडरचा पत्ता नाही. चाकं मोजायला कुठलं ज्ञान लागतं?

शब्दवेल्हाळ
अवांतर: 'दुर्मीळ' हा शब्दच संकर आहे. 'दुर्' संस्कृत उपसर्ग, 'मिळ' आपल्या 'मिळणे'तला. शुद्ध शब्द 'दुर्लभ'.

मधलारूळ
संकर असेल, पण पोटात 'मिळणे' आहे म्हणून तो मला जवळचा वाटतो. दुर्लभ दर्शन असतं. सुटा भाग दुर्मीळ असतो.

सांधेवाला
मंडळी, संकरावरून आठवलं. मालडब्याला मी यादीत 'वाघीण' लिहिलंय. मित्र म्हणतो काढ, लोक हसतील.

जरीकाठ
अजिबात काढू नका! 'वॅगन'ची मराठी जिभेने वाघीण केली, तिचं अनेकवचन वाघिणी केलं, ती मालगाडीला जोडली आणि कोणाला परवानगी विचारली नाही. माझे वडील फाटकापाशी उभे राहून आम्हा भावंडांकडून वाघिणी मोजून घ्यायचे. मला ती धातूची पेटी आहे हे कळायला बराच काळ लागला. तोवर प्रत्येक डब्यात एक, अशीच माझी खात्री होती.

शब्दवेल्हाळ
या एका शब्दाबाबत मीही शुद्धीचा आग्रह धरणार नाही. 'वाघीण' राहावी. 'रूळ' मात्र 'रेल'वरून की आखायच्या 'रूल'वरून, यावर माझे मत 'रूल'च्या बाजूने आहे. सरळ रेघ हा दोहोंतला समान धागा.

दुहेरीरूळ
मला 'रेल'च वाटतं. सरळ रेघ म्हणता, मग वळणावरच्या रुळाचं काय?

मधलारूळ
मी एक इंजिन विकायला काढतोय. इथे शिकलेलं सगळं घालून वर्णन लिहिलंय, बघा जमलंय का:

"मेर्क्लिन, प्रमाण १:८७, तीन रुळांचं, एसी. दोन रुळांवर चालणार नाही. मी दोनदा चालवलं आहे, दोन्ही वेळा पुढेमागे नीट गेलं. डिकोडर नाही. मागचा डावा बफर तुटला आहे, फोटो चौथा. खोका मूळचा, पण झाकणाचा एक कोपरा फाटलेला. जस्ताची कीड दिसत नाही. दुर्मीळ नाही."

दोनदा चालवलंय म्हणजे 'कोरं' नाहीच ना? 'जवळजवळ कोरं' चालेल?

जरीकाठ
जवळजवळ कोरं काही नसतं. 'दोनदा चालवलं' तेवढंच राहू द्या.

सांधेवाला
पण मग 'निअर मिंट'ला यादीत काय लिहू? तोही वर्णनांत सारखा येतो.

शब्दवेल्हाळ
ते नंतर बघू. मधलारूळ, आपण 'बफर' दोनदा वापरलात. त्याला मराठीत काय म्हणतात?