लॉनमध्ये लव्हाळा माजलाय, तणनाशक वापरायचं नाही – मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. घर गुहागरजवळ, समुद्रापासून थोडं वर. पुढच्या दारी दोनेक गुंठे लॉन आहे, म्हणजे होतं. आता उन्हाच्या बाजूला लव्हाळा, गडग्याकडून सरकत आलेली लाजाळू (अनवाणी चालायची सोय नाही) आणि आंब्याच्या कलमाखाली नुसती तांबडी माती, पावसात तिच्यावर शेवाळ.

शेजारचे काका म्हणतात, "एकदा फवार नि मोकळा हो." पण उताराला खाली आमची विहीर आहे, पिण्याचं पाणी तिचंच. त्यामुळे फवारणी नको म्हणजे नकोच.

लव्हाळा ओढला की हातात फक्त पानं येतात. उकरलं तर चार बोटं खोल काळी गाठ, तिच्यापासून दोऱ्यासारखं मूळ पुढच्या गाठीला, तिथून आणखी पुढे. माती जेमतेम वीतभर, खाली जांभा. गाठ भेगेत गेली की कुदळ खणकन वाजते आणि विषय संपतो. प्लास्टिक अंथरून मरेल का? शेणखत घरचं आहे, पण त्यातूनच तण येतं असं आई म्हणते. चुना घालू की राख? आणि कलमाखाली कुठलं गवत धरेल?

प्रतिसाद १
प्लास्टिकच्या नादी लागू नका, लव्हाळ्याचं टोक सुईसारखं असतं, भोसकून वर येतं. एप्रिल-मेमध्ये जमीन कोरडी असताना खणा आणि गाठी उन्हात पसरून ठेवा. वाळल्या की मरतात, ओल्या राहिल्या तर पुन्हा फुटतात. पावसात कोंब दिसला की काढायचा, पुन्हा आला की पुन्हा. वर पानं टिकू दिली नाहीत तर गाठीतला साठा संपत जातो. कंटाळवाणं आहे, पण दुसरा रस्ता मला माहीत नाही. लॉन अगदी बुडापासून कापू नका. लव्हाळ्याला सावली सोसत नाही, गवत दाट राहिलं तर तो मागे पडतो. लाजाळू बी धरायच्या आत मुळासकट काढा, बी जमिनीत वर्षानुवर्षं टिकतं.

आईंचं बरोबर आहे. कच्च्या शेणातून बी येतं, हुमणीही (मुळं खाणारी अळी) येते. पूर्ण कुजलेलं, चाळलेलंच घाला. आपल्या पावसात चुना धुपून जाऊन माती आंबट होते हे खरं, पण किती घालायचा ते माती तपासल्यावरच ठरवा. दापोलीच्या कृषी विद्यापीठात विचारा. चुना आणि शेणखत एकाच वेळी नको, नत्र उडून जातं.

मूळ धागाकर्ता
आभार! आणि कलमाखाली?

प्रतिसाद २
हापूस आहे ना? मग लॉनचा हट्ट सोडा. हरळीला तिथे ऊन पुरणार नाही. सावलीत चालणारं रुंद पात्याचं कार्पेट गवत धरेल, पण पाऊस गेल्यावर त्याला पाणी लागणार आणि नेमका तेव्हाच कलमाला पाण्याचा ताण हवा असतो. पाणी दिलंत तर मोहोराऐवजी पालवी काढून बसेल. आंब्याचाच पाला पसरा, खोडाला न टेकवता.