ग्रँटला मोकळं रान म्हणणाऱ्यांनी एकदा लॅबमध्ये येऊन बघा

टीबीवाली_ताई
काल इथं एकांनी लिहिलं की जून 2025 मध्ये केंद्रानं शास्त्रज्ञांना खरेदीत सूट दिली, आता करदात्यांच्या पैशावर मोकळं रान, दोन लाखांपर्यंत कोटेशनसुद्धा नको. खाली ढीगभर अंगठे. रात्रभर डोक्यातून जाईना म्हणून लिहितेय.

सूट काय आहे ते तरी वाचा. कोटेशनशिवाय खरेदी 1 लाखापर्यंत होती ती 2 लाख झाली, खरेदी समितीची मर्यादा 10 वरून 25 लाख, आणि संशोधनाचं सामान जेम पोर्टल, म्हणजे सरकारी खरेदीचा ऑनलाइन बाजार, सोडून बाहेरून घ्यायची परवानगी संचालक देऊ शकतात. ग्रँट एक रुपयानं वाढलेली नाही. हेड, म्हणजे खर्चाचे ठरलेले कप्पे, तेच, यूसी, म्हणजे पैसा कशावर खर्चला त्याचा दाखला, तोही त्याच 12-ए फॉर्मवर, मागचं यूसी पोचल्याशिवाय पुढचा हप्ता नाही, आणि बँकेत पडलेल्या पैशावर व्याज आलं तर तेही परत सरकारजमा. यात रान कुठंय मोकळं?

आता माझं ऐका. आम्ही टीबीच्या पेशंटच्या थुंकीतून डीएनए काढून कुठलं औषध लागू पडणार नाही ते बघतो. तीन वर्षांपूर्वी पीसीआरच्या, म्हणजे तापवून-थंड करून त्या डीएनएच्या प्रती वाढवायच्या, ट्यूब एल-वनकडून आल्या, म्हणजे ज्याचा दर सगळ्यात कमी त्याच्याकडून. झाकण बोटानं दाबलं की टक् वाजायला पाहिजे, ते वाजत नव्हतं. 95 डिग्रीला झाकणं उचलली गेली, रन संपल्यावर बघते तर ट्यूबच्या तळाशी नुसता पांढुरका डाग, पाणी उडालेलं. 41 नमुने गेले. परत नमुना मागायला तालुक्याला फोन लावले तर त्यातले दोन पेशंट राहिले नव्हते. ट्यूबमागे दीड रुपया वाचला होता, आणि फाइलवर सगळं नियमानुसार.

ऑडिटवाला_निवृत्त
ताई, तुमच्या ट्यूबचं वाईट वाटलं, मनापासून. पण मी 31 वर्षं सरकारी हिशेब तपासले, नियम कुठून आले ते मला माहितीय. एका कॉलेजात (नाव घेत नाही) जिन्याखाली लाकडी खोकं होतं, वाळवी लागलेलं. आत लाखो रुपयांचं मशीन, प्लास्टिकसुद्धा काढलेलं नाही. वॉरंटी संपलेली. स्टॉक रजिस्टरला 'बसवले, चालू स्थितीत' आणि खाली तीन सह्या. खरेदीची तारीख 28 मार्च. दुसऱ्या एका ठिकाणी प्रोजेक्टच्या पैशातला एसी विभागप्रमुखांच्या केबिनमध्ये.

आणि मर्यादेबद्दल. 2017 च्या जीएफआरमध्ये, म्हणजे केंद्राच्या वित्तीय नियमांत, कोटेशनशिवाय 25 हजार होते तेव्हा मी एकाच दिवसाची, एकाच दुकानाची तीन बिलं पाहिलीत, 24,900, 24,850, 24,700. मर्यादा 2 लाख केलीत तर 1 लाख 99 हजारांची बिलं येतील. दुसरं, एल-वनवर खापर फोडू नका. आधी टेक्निकल बिड असते, म्हणजे माल अटींत बसतो का ते बघतात, त्यात नापास झालेल्याचा दर उघडतच नाहीत. स्पेसिफिकेशन ढिलं लिहिलंत तर ट्यूबही ढिलीच येणार.

टीबीवाली_ताई
काका, स्पेसिफिकेशन घट्टच लिहिलं होतं. झाकण किती डिग्रीला किती वेळ टिकलं पाहिजे, आतला पृष्ठभाग कसा, सगळं. एका पुरवठादारानं लगेच तक्रार टाकली की हे एका ब्रँडला डोळ्यासमोर ठेवून लिहिलंय. फाइल परत आली, वर शेरा, "अटी शिथिल कराव्यात". तो शेरा तुमच्यासारख्याच कुणीतरी मारलेला. म्हणजे घट्ट लिहिलं तर पक्षपात, ढिलं लिहिलं तर तुमची चूक. आम्ही करायचं काय?

मशीनवाला_पुणे
जीएसटीचं कुणीच कसं बोलत नाही? 18 जुलै 2022 पर्यंत संशोधन संस्थांना उपकरणांवर 5 टक्के होता, ती सवलत काढली, मग बहुतेक उपकरणांवर 18 लागला. ज्यांची ग्रँट आधी 5 टक्के धरून मंजूर झाली त्यांनी वरचे 13 आणले कुठून? त्याच हेडमधून. सरकार एका हातानं देतं आणि दुसऱ्या हातानं काढून घेतं, आणि हिशेब मात्र आमच्याकडे मागतं.

बोस्टनकर
तुमचं भांडण निदान सामान कसं घ्यायचं यावर आहे. इथं अमेरिकेत पैसा कुठल्या प्रश्नावर खर्चायचा यालाच कायद्यानं कात्री आहे. 1996 मध्ये काँग्रेसनं, म्हणजे इथल्या संसदेनं, बजेटमध्ये एक ओळ घातली की सीडीसीचा, म्हणजे सरकारी रोगनियंत्रण संस्थेचा, पैसा बंदूक नियंत्रणाच्या प्रचाराला वापरायचा नाही, आणि बंदुकीच्या जखमांच्या अभ्यासावर जेवढा खर्च व्हायचा तेवढेच 26 लाख डॉलर बाजूला काढले. संशोधनावर बंदी असं कुठं लिहिलेलं नव्हतं. पण नोकरी कोण धोक्यात घालणार? वीसहून जास्त वर्षं सीडीसीनं त्या विषयाला जवळपास हात लावला नाही. 2019 च्या शेवटी कुठं अडीच कोटी डॉलर परत ठेवले, सीडीसी आणि एनआयएच (सरकारी वैद्यकीय संशोधन संस्था) मिळून. मानवी भ्रूण नष्ट होईल अशा संशोधनाला केंद्राचा पैसा नाही, ही ओळ तर 1996 पासून दर वर्षीच्या बजेटला जोडली जाते. एका ओळीनं अख्खा विषय मरतो हो.

परळचा_जेआरएफ
दादा, विषय मरतो हे खरंय, पण इथं माणसं मेटाकुटीला आलीत. मी जेआरएफ, म्हणजे ज्युनियर रिसर्च फेलो, मला सात महिने स्टायपेंड नाही. ट्यूब, मशीन, बंदुका सगळ्यांवर बोलताय, ती ट्यूब हातात धरणाऱ्यावर कुणी बोलणार आहे का?

करदाता_चिंचवड
जेआरएफला 37 हजार आहेत ना? जानेवारी 2023 पासून वाढवलेत, वर घरभाडं वेगळं. माझा मुलगा इंजिनियर होऊन 22 हजारांवर कंपनीत उभा असतो. शिकायचे पैसे मिळतात आणि वर तक्रार.

परळचा_जेआरएफ
कागदावर 37 हजार आहेत काका, माझ्या पासबुकात शेवटची एंट्री सात महिन्यांपूर्वीची आहे. तुमच्या मुलाचा पगार सात महिने थकला तर तो नोकरी सोडेल. मला दुसरं काम करायची परवानगीच नाही, अटीत लिहिलंय, पूर्ण वेळ. कॉटबेसिसवर राहतो, चार जण एका खोलीत. वडिलांनी कांदा काढला, भाव नव्हता, तरी त्यातून आठ हजार पाठवले आणि विचारलं, "सरकारी स्कॉलरशिप म्हणतोस, मग अडचण कसली?" काय सांगू त्यांना? प्रोजेक्टचं मॅनपॉवर हेड, म्हणजे पगाराचा कप्पा, संपलंय हे सांगू? गंमत म्हणून नाही सांगत, आमच्याच प्रोजेक्टच्या इक्विपमेंट हेडमध्ये सव्वासहा लाख पडून आहेत. त्यातला एक रुपया इकडे वळवता येत नाही. आणि 31 मार्चला न खर्चलेली रक्कम हातची जाते, म्हणून ऑफिस आम्हालाच विचारतं की काहीतरी मशीन सुचवा. मशीन!

ऑडिटवाला_निवृत्त
भांडवली, म्हणजे मशीनसाठीचा, पैसा पगाराला वळवता येत नाही तो विनाकारण नाही. तशी मुभा दिली की मशीनच्या नावावर पैसा आणून नातेवाईक कामाला लावतात. पाहिलंय मी.

लातूरची_डॉक्टर
तुम्ही पाहिलंय, तुम्ही पाहिलंय! दर वेळी चार चोर दाखवायचे आणि शंभर जणांचे हात बांधायचे. आमच्या प्रोजेक्टवर एक ताई होती, गरोदर बायकांच्या घरी जाऊन बीपी घ्यायची, वहीत लिहायची. पाच महिने मानधन आलं नाही. सहाव्या महिन्यात ती ऊसतोडीला गेली नवऱ्याबरोबर. पाठपुरावा तुटला तो तुटलाच, कारण त्या बायका तिच्याशीच बोलायच्या, मला तर सासूच पुढं येऊन उत्तर देते. आणि ही जूनची सूट आम्हाला लागूच नाही. ती केंद्राच्या संस्थांना. आमचं कॉलेज राज्याचं, आमची खरेदी राज्याच्या 2016 च्या जीआरनं. पैसा दिल्लीचा, नियम मुंबईचे, आणि मधे डीनच्या ऑफिसात अकाउंटचा एकच क्लार्क, तो हॉस्टेलचंही बघतो.

करदाता_चिंचवड
ऊसतोडीचं वाचून बोलणं खुंटलं. 37 हजारांबद्दल मी बोललो ते मागे घेतो, सात महिन्यांचं मला माहीत नव्हतं. पण जिन्याखालचं खोकंही माझ्याच पैशाचं होतं, ते मी सोडणार नाही.

टीबीवाली_ताई
नका सोडू. ज्यांनी त्या तीन सह्या केल्या त्यांना पकडा, त्यांची ग्रँट बंद करा. पण माझ्या लक्षात आलेली गोष्ट सांगते. ते खोकं 28 मार्चला आलं, नियम पाळून, टेंडर काढून, कोटेशनसकट. काका, तुमच्या त्या मशीनची फाइल तपासलीत तेव्हा खरेदीत एकतरी खोट निघाली होती का?

ऑडिटवाला_निवृत्त
नाही. खरेदीची फाइल स्वच्छ होती. आक्षेप फक्त 'वापर नाही' एवढाच लागला. हे मी मान्य करतो, आणखी काही नाही. बिलं फोडणाऱ्यांबद्दलचं माझं मत तेच आहे.

परळच्या मुला, तुला सांगतो ते लिहून घे. तुझ्या सरांना म्हणावं पैसे परत जाण्याची वाट बघू नका, आत्ताच रीअप्रोप्रिएशनचं, म्हणजे एका हेडचा पैसा दुसऱ्यात वळवायचं, पत्र टाका. फंडिंग एजन्सीच्या नावानं, थ्रू प्रॉपर चॅनल. कुठल्या हेडमध्ये किती शिल्लक, कुठल्या हेडमध्ये किती तूट, आणि हे काम थांबलं तर मंजूर प्रस्तावातलं कुठलं उद्दिष्ट पूर्ण होणार नाही, तेवढंच लिहा. रडगाणं नको. आजच्या तारखेपर्यंतचं खर्चाचं विवरण जोडा, अकाउंट्सच्या सहीचं, नाहीतर पत्र तिथूनच परत येतं. भांडवलीतून पगाराला बहुतेक नाही म्हणतील, म्हणून त्याच पत्रात दुसरी मागणी करा, कन्टिंजन्सी (किरकोळ खर्च) आणि प्रवासाच्या हेडमधून वळवायची. ते जास्त सोपं जातं. मसुदा इथं टाक, मी बघून देतो.

परळचा_जेआरएफ
प्रवासाच्या हेडमध्ये 90 हजार आहेत. सर दौऱ्यावर आहेत, सोमवारी येतात. मसुदा आज रात्री टाकतो काका.