'निषेध कविता' की विद्रोही?

नेरुळकर: आमच्या सोसायटीत १४ एप्रिलला संध्याकाळी कवितावाचन आहे. मूळ सूचनेत 'प्रोटेस्ट पोएट्री' होतं. मी 'निषेध कविता' लिहून कागद लिफ्टशेजारी चिकटवला, नेमका 'धूम्रपान निषेध'च्या पाटीखाली. रात्री पाचव्या मजल्यावरून फोन, "भाई, कविता पे रोक क्यों?" दुसरा शब्द सुचवा, उद्या कागद बदलायचाय.

वाशीवाला: बदलू नका. हिंदीत निषेध म्हणजे मनाई, आपल्याकडे 'जाहीर निषेध'. मुळात संस्कृतातही मनाईच (विधिनिषेध आठवा), म्हणजे सरकलोय आपण. गंमत अशी की 'निषिद्ध' मात्र आपण मनाईच्याच अर्थाने ठेवलं. निषेध केला म्हणून काही निषिद्ध होत नाही, मोर्चात चाललेल्या कुणालाही विचारा.

कोपरी पूर्व: काळ्या फिती लावून, पत्रक काढून करतात तो निषेध. नामदेव ढसाळांच्या 'गोलपिठा' या संग्रहाला (१९७२) निषेध कविता म्हणाल? विद्रोही म्हणा.

शुद्धमती: विद्रोहात 'द्रोह' आहे. राजद्रोह, मित्रद्रोह, सगळा दगाच. चांगल्या कामाला हा शब्द कशाला? 'बंड' म्हणा, अस्सल मराठी.

कोपरी पूर्व: द्रोह ज्याच्याशी केला त्याला तो दगा वाटणारच! आणि बंडखोरातलं 'खोर' फारसी आहे हो, चुगलखोर-हरामखोरातलं. १९९९ साली धारावीत पहिलं विद्रोही साहित्य संमेलन भरलं. ज्यांची कविता त्यांनी नाव ठेवून झालंय, आता आपण कोण बारसं करणार?

घणसोलीची: माझ्या आईकडे यातला एकही शब्द नाही. जमिनीसाठी उरण तालुक्यात १६ आणि १७ जानेवारी १९८४ ला लोक उतरले, गोळीबारात पाच जण गेले. आई त्याला 'आंदोलन'सुद्धा म्हणत नाही. 'लढा' म्हणते, नि लढ्याची गाणी. एवढं बोलली की उठून चहा टाकायला जाते.

शुद्धमती: ताई, मग चोखोबांचं काय? 'ऊस डोंगा परी रस नोहे डोंगा' हा विद्रोह की गाऱ्हाणं?

कोपरी पूर्व: 'काय भुललासी वरलिया रंगा' हे गाऱ्हाणं वाटतं? पायरीखालचा माणूस वरच्याची उलटतपासणी घेतोय.

घणसोलीची: थांबा! डोंगा म्हणजे वाकडा? मी शाळेपासून उसाची होडी समजत होते. खाडीकाठी वाढल्यावर दुसरं काय दिसणार!

वाशीवाला: वाकडाच. पुढेच आहे, 'कमान डोंगी परी तीर नोहे डोंगा'. होडीलाही डोंगा म्हणतात, तो वेगळा. आणि शुद्धमती, कमान नि तीर दोन्ही फारसी बरं का. चोखोबांना चालले.

शुद्धमती: ते लेखनिकांनी घुसडलं असेल.

कोपरी पूर्व: हो का! अडचण आली की लेखनिक.

घणसोलीची: पण 'डोंगर' यातूनच आला असेल का? तोही वाकडातिकडाच.

शुद्धमती: सविस्तर लिहितो. जेवून येतो.

नेरुळकर: मंडळी, कागद तोच ठेवलाय. जिन्याजवळच्या भिंतीवर हलवला, तिथे कसली पाटी नाही.

वाशीवाला: छान. डोंगराला डोंगा नको, ताई. 'डोंगरी'चं काय करणार मग?