निवासी केंद्राची तपासणी नेमकी कोण करतं? (मुलगा २६ वर्षं, ऑटिझम)

मुग्धा_नाशिक

नमस्कार मंडळी, बरीच वर्षं वाचनमात्र आहे, आज पहिल्यांदाच लिहितेय, काही चुकलं तर सांभाळून घ्या.

मुलगा २६ चा आहे, ऑटिझम आणि सोबत बौद्धिक अक्षमता. बोलतो दहा-बारा शब्द. स्वतःचं जेवतो, आंघोळीला उभं राहावं लागतं. गेल्या वर्षी ह्यांची बायपास झाली आणि तेव्हापासून आम्ही दोघं रात्री तेच बोलतोय की आपल्यानंतर काय, आणि "नंतर" पर्यंत थांबायचं तरी कशाला, आपण आहोत तोवर त्याला सवय लागू दे. म्हणून निवासी केंद्र शोधतोय. मोठी संस्था नको, बंगल्यात दहा-बारा जण राहतात अशी ठिकाणं आता निघालीत तसलं.

एक बघून आलो. नाव लिहीत नाही. स्वच्छ होतं, फिनेलचा वास, भिंतीवर मुलांनी रंगवलेले गणपती, सर बोलायला गोड. फाईल दाखवली, त्यात ट्रस्टची नोंदणी, ८०जी, १२ए आणि कोण कोण येऊन गेलं त्याचे फोटो. मी विचारलं तपासणी होते का, तर "हो ताई, दरवर्षी होते, सगळं ओके असतं". कोण येतं? "सरकारी लोक येतात."

निघताना चप्पल घालता घालता माझं लक्ष गेलं, झोपायच्या खोल्यांना कडी बाहेरून. आत बघितलं, आतून कडीच नाही. विचारलं तर म्हणे रात्री मुलं फिरतात. ते खरंही असेल, आमचाही फिरतो. पण रिक्षात बसल्यापासून ती कडी डोळ्यांसमोरून हलत नाहीये.

तर प्रश्न असा की अशा ठिकाणांवर लक्ष कोण ठेवतं, कुठला नियम लागतो, आणि आपण पालक म्हणून नेमकं काय मागून बघायचं? माझा मुलगा घरी येऊन काही सांगू शकणार नाही, म्हणून विचारतेय.

---

पावसाळी_छत्री

+१, वाचतेय. आमची मुलगी १९ ची, पाच-सात वर्षांत आमची पण हीच वेळ येणार. ती बाहेरच्या कडीची गोष्ट वाचून पोटात गोळा आला.

---

निवृत्त_अधीक्षक

मुग्धाताई, मी दिव्यांगांच्या अनुदानित निवासी कार्यशाळेत २२ वर्षं काढली, त्यातली शेवटची नऊ अधीक्षक म्हणून, त्यामुळे थोडं लांबण लागेल.

आधी फाईलबद्दल. ट्रस्टची नोंदणी धर्मादाय आयुक्तांकडे होते, ८०जी आणि १२ए हा आयकराचा मामला. यातला एकही कागद तिथे दिव्यांग माणसं ठेवायची परवानगी देत नाही. त्यासाठी दिव्यांग हक्क कायदा २०१६ च्या कलम ५० खाली संस्थेचं वेगळं नोंदणी प्रमाणपत्र लागतं, ते नसेल तर संस्था चालवताच येत नाही. आणि हे प्रमाणपत्र दर्शनी भागात लावायचं असं कायद्यातच आहे, म्हणजे मागायचीसुद्धा गरज पडू नये. त्यावरची मुदत वाचा. नूतनीकरण "प्रोसेसमधे" आहे म्हणाले तर अर्जाची पोच मागा. नॅशनल ट्रस्टची (१९९९ चा कायदा, ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, मतिमंदत्व आणि बहुविकलांगता) नोंदणी ही अजून तिसरी गोष्ट, असेल तर चांगलंच पण ती कलम ५० ला पर्याय नाही.

आता तपासणी. खरं सांगतो, आता कोणी माझं काही वाकडं करू शकत नाही. आमच्याकडे तपासणीचं पत्र आधी यायचं. आदल्या दिवशी ट्रंकेतल्या नव्या चादरी बाहेर निघायच्या आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी परत घडी करून आत. साहेब बघायचे काय, तर मस्टर, पटसंख्या, कर्मचाऱ्यांची शैक्षणिक पात्रता, आहाराची व्हाउचरं. अनुदान डोक्यामागे मिळतं म्हणून डोकी मोजायची, यात त्यांचाही दोष नाही, त्यांचा फॉर्मच तसा. पण २२ वर्षांत एकाही साहेबाने एकाही मुलाला "काल दिवसभर काय केलंस" असं विचारलेलं मी पाहिलं नाही. आणि विनाअनुदानित ठिकाणी तर पैसेच द्यायचे नाहीत, त्यामुळे डोकी मोजायलाही फार कोणी जात नाही.

म्हणून तुम्ही वह्या मागा. औषधांची वही, अपघात-इजा नोंदवही, रात्रपाळीचा तक्ता. औषधाची वही उघडून गेला महिना बघा, सगळ्या सह्या एकाच पेनाच्या, एकाच तिरप्या अक्षरात असतील तर ती महिनाअखेरीला एका बैठकीत भरलीय हे समजा. (मला कसं कळतं ते विचारू नका.) अपघाताची वही कोरी असेल तर जास्त घाबरा. बारा मुलं राहतात तिथे वर्षभरात कोणी पडलं नाही, कोणी कोणाला चावलं नाही, असं होत नाही. रात्री ड्युटीवर किती जण आणि ते जागे असतात की दारात गादी टाकून झोपतात, हे सरांना नका विचारू, स्वयंपाकाच्या मावशींना विचारा.

तिथे अधिकाऱ्यांनी मागे तपासणी केली असेल तर त्याचा अहवाल माहिती अधिकारात मागता येतो, अर्ज संस्थेकडे नाही, ज्या कार्यालयाने तपासणी केली तिथे करायचा. उत्तराची मुदत ३० दिवस. "तपासणी झाल्याची नोंद आढळत नाही" हेही एक उत्तरच असतं.

---

एडिसनकर

मी न्यू जर्सीत, मुलगा २४ चा, दीड वर्षापासून ग्रुप होममधे, एकूण चार जण आहेत. इथे सगळं छान आहे असं सांगायला आलेलो नाही, पण कडीचा विषय निघाला म्हणून लिहावंसं वाटलं, कारण इथल्या नियमात ती कडी शब्दशः आहे.

इथे ह्या सेवांचे पैसे मेडिकेडमधून (कमी उत्पन्नाच्या आणि दिव्यांग लोकांसाठीची सरकारी आरोग्य योजना) येतात आणि मेडिकेडने २०१४ मधे एक नियम काढला की "समाजात राहणं" म्हणजे नुसतं इमारत लहान असणं नव्हे. राहणाऱ्याच्या खोलीला त्याला स्वतःला लावता येईल असं कुलूप पाहिजे, किल्ली त्याच्याकडे आणि ठरावीक स्टाफकडेच. खायला कधीही मिळालं पाहिजे, पाहुणे कधीही येऊ शकले पाहिजेत, रूममेट निवडता आला पाहिजे, भाडेकरूसारखा लेखी करार पाहिजे. राज्यांना हे लागू करायला मुदतीमागून मुदती देत देत शेवटी मार्च २०२३ उजाडला, म्हणजे नऊ वर्षं! सरकारी काम इथेही तसंच असतं.

मला त्यातली आवडलेली गोष्ट वेगळीच. समजा एखाद्याला फ्रीज उघडा ठेवणं खरंच धोक्याचं आहे, तर कुलूप लावता येतं, पण फक्त त्याच्यासाठी, कारण त्याच्या काळजीच्या लेखी प्लॅनमधे लिहून, आधी दुसरे कुठले उपाय करून बघितले ते लिहून, मुदत घालून, आणि संमती घेऊन. "आमच्याकडे सगळ्यांनाच लावतो" हे उत्तर चालत नाही. तुमच्या त्या सरांना हाच प्रश्न विचारा, कडी कोणासाठी, किती दिवस, आणि परत कधी बघणार?

तपासणीचं म्हणाल तर न्यू जर्सीत २०१७ चा एक कायदा आहे, स्टीफन कोम्निनोस नावाचा मुलगा २००७ मधे केअरमधे असताना घास अडकून गेला, २२ वर्षांचा होता, त्याच्या आईवडिलांनी दहा वर्षं पाठपुरावा केला तेव्हा झाला. त्यानुसार राज्याची माणसं वर्षातून किमान दोनदा न कळवता येतात. मुलाला इजा झाली तर दोन तासांच्या आत पालकाला कळवायचं. ह्याशिवाय सपोर्ट कोऑर्डिनेटर, म्हणजे मुलाच्या सेवा नीट चालल्यात का बघणारा माणूस असतो, महिन्याला फोन, तिमाहीला समोरासमोर भेट.

आता खरी गंमत. कोऑर्डिनेटर दीड वर्षात तीन बदलले, दुसऱ्याला तर माझ्या मुलाचं नाव नीट म्हणता येत नव्हतं आणि तो फॉर्मवर "समाधानी" टिक करून जायचा. मुलाच्या दंडावरचा काळानिळा डाग दोन तासांत कोणी कळवला नाही, रविवारी आंघोळ घालताना माझ्या बायकोला दिसला. तक्रार केली, चौकशी झाली, सुधारणा पण झाली. कायदा होता म्हणून तक्रार करता आली हे खरं, पण डाग आईलाच दिसला.

---

घरट्यातला

मी स्वतः असं छोटं केंद्र चालवतो (नाशिकमधलं नाही), त्यामुळे थोडं चालवणाऱ्यांचंही ऐका. इथे सगळे जमून झोडपतायत असं वाटलं.

काळजीवाहक मिळत नाहीत हो. पगार आम्ही जेवढा देऊ शकतो त्यापेक्षा जास्त मॉलमधे मिळतो आणि तिथे कोणी चावत नाही. शिकवून तयार केलेली बाई चार महिन्यांत जाते. आमच्याकडचा एक मुलगा पहाटे बाहेर पडून हायवेला गेला होता, तो सापडेपर्यंतचे ते दोन तास मी आयुष्यात विसरणार नाही, त्यानंतर आम्हीही कडी लावली. रात्री जागा माणूस ठेवायचा तर अजून दोन पगार, ते फीमधे टाकले की पालकच म्हणतात एवढी फी?

---

निवृत्त_अधीक्षक

घरट्यातला, तुमचं दुखणं मला पाठ आहे. पण कडी लावायची तर बंगल्याच्या मुख्य दाराला लावा, फाटकाला लावा, दाराला साधी घंटी बांधा. खोलीला बाहेरून कडी आणि रात्री शॉर्टसर्किट झालं तर? कड्या काढणारा माणूस एकच आणि तोही झोपलेला. आम्ही घुंगरू बांधली होती दाराला, गाईच्या गळ्यातली, बाजारातून आणून. दहा वर्षं त्याच्यावर निभावलं.

---

घरट्यातला

घुंगरू, हे सुचलंच नाही कधी. बघतो.

---

धाकटा_भाऊ

माझा मोठा भाऊ ४१ चा, मी त्याचा कायदेशीर पालक आहे. एक गोष्ट कोणी लिहिली नाही म्हणून लिहितो. मुलगा १८ पूर्ण झाला की आईवडील आपोआप पालक राहत नाहीत, नॅशनल ट्रस्टच्या लोकल लेव्हल कमिटीकडून गार्डियनशिप घ्यावी लागते. कमिटीत जिल्हाधिकारी (किंवा त्यांच्या दर्जाचे अधिकारी), नोंदणीकृत संस्थेचा एक प्रतिनिधी आणि एक दिव्यांग व्यक्ती. कायद्याने दर तीन महिन्यांनी बैठक पाहिजे, आमच्या अर्जाला अकरा महिने लागले कारण साहेब कधी निवडणुकीत तर कधी पूरपरिस्थितीत. पण घ्याच. ते सर्टिफिकेट हातात नसेल तर संस्था उद्या म्हणेल तो सज्ञान आहे, तुम्हाला वह्या का दाखवू?

आणि देव न करो, पण मारहाण वगैरे काही दिसलं तर नुसतं संस्थाचालकांशी भांडत बसू नका. २०१६ च्या कायद्यात कलम ७ आहे, कार्यकारी दंडाधिकाऱ्याकडे, म्हणजे आपल्याकडे तहसीलदार, प्रांत वगैरे, माहिती देता येते, ते तिथून सोडवायचे आदेश देऊ शकतात. माहिती कोणीही देऊ शकतं, नातेवाईकच पाहिजे असं नाही. पुण्याला दिव्यांग आयुक्तांकडे लेखी तक्रार वेगळी करायची. आम्ही ती एकदा केली, पोच घेतली, आणि पोच हातात आहे म्हटल्यावर संस्थेचा सूर चार दिवसांत बदलला, चौकशीचं पत्र यायच्या आधीच.

---

मुग्धा_नाशिक

सगळ्यांचे मनापासून आभार, दोनदा वाचून वहीत लिहून काढलं.

काल परत गेलो होतो, न कळवता, संध्याकाळी पावणेसात वाजता. सर नव्हते. बारा मुलांना एक मावशी आणि एक जेमतेम विशीतला पोरगा. टीव्ही चालू, मुलं समोर सतरंजीवर. कलम ५० चं विचारलं तर पोरगा म्हणाला सरांच्या कपाटात आहे, कपाटाला कुलूप. औषधाची वही मात्र मिळाली, पुढच्या दोन दिवसांच्या सह्या पण होऊन गेल्या होत्या.

मावशी चांगल्या वाटल्या. जाताना हळूच म्हणाल्या, "ताई, दुसरीकडं बघा, आणि बघाल तिथं संध्याकाळीच जा."

दिंडोरी रोडला एक आहे असं कळलंय, पुढच्या आठवड्यात जातोय. कोणाला त्या बाजूचा अनुभव असेल तर विपूत (माझ्या विचारपुशीत) कळवा, नाव इथे नको.