मदत हवी आहे: कुणबी कापडाची चौकडी रिपीट करताना जोड जमत नाही

नमस्कार, मी फोंड्याची. हातमागावर विणणाऱ्या आमच्या बायकांसाठी डिझाइनं कॉम्प्युटरवर करून देते. गोव्याचे फॅशन डिझायनर वेंडेल रॉड्रिग्ज यांनी आमचं कुणबी समाजाचं हे कापड परत लोकांसमोर आणलं तेव्हापासून ही तांबडी-पांढरी चौकडी बाहेरच्यांनाही माहीत झाली, पण ती दोन्ही काठांना सारखी भिडली तरच ते कुणबी कापड, नाहीतर नुसतं चेक्सचं कापड, असं माझं मत.

आता हिशोब बघा. रुंदी ४६ इंच, इंचाला ४८ धागे, म्हणजे २२०८. दोन काठांचे १२०-१२० गेले की अंगाला उरतात १९६८. ब्लॉक ४० धाग्यांचा, ४ पांढरे आणि ३६ तांबडे. ४९ वेळा रिपीट केला की १९६० होतात आणि ८ उरतात, सॉफ्टवेअर पुढचा ब्लॉक सुरू करून मध्येच तोडतं, मग डाव्या काठाला पांढरी रेघ लागते आणि उजवीकडे तिच्यापुढे तांबडे ४ धागे लोंबतात.

दुसरं म्हणजे पांढरी रेघ ५ धाग्यांची करून बघितली तर प्रत्येक जोडावर विणीत एक उभी फट दिसते. आणि एका ब्लॉकमधला रंग बदलला तर बाकीचे तसेच राहतात, सगळे हाताने बदलायचे का? कोणी सांगेल का प्लीज, ताणा (उभे धागे) लावायचा खोळंबलाय.

प्रतिसाद:
ताई, शेवटी ब्लॉक नको, फक्त बंद करणारी पांढरी रेघ द्या. ४९ गुणिले ४० अधिक ४, झाले १९६४. उरलेले ४ धागे दोन काठांत २-२ वाटा, फणीच्या एका घरात (दोन दातांमधल्या फटीत) दोन धागे भरत असाल तर प्रत्येक काठाला एकच घर वाढेल.

फट येते कारण रंगाबरोबर वहीभरणीही (कुठला धागा कुठल्या शाफ्टवर, म्हणजे धागे उचलणाऱ्या चौकटीवर, ती ओळ) कॉपी होतेय. पांढरे ५ केल्यावर ब्लॉक ४१ धाग्यांचा झाला, ४ शाफ्टवर १-२-३-४ करत ४१ वा धागा १ वर येतो, पुढचा ब्लॉकही १ पासून, म्हणजे शेजारचे दोन धागे एकत्रच उचलले जातात. भरणी या टोकापासून त्या टोकापर्यंत सलग ठेवा, रिपीट फक्त रंगाच्या ओळीला लावा.

कॉपी-पेस्ट केलेले ब्लॉक एकमेकांना जोडलेले नसतात. तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रोफाइल ड्राफ्ट (ब्लॉकांचा थोडक्यात नकाशा) आहे का बघा, त्यात पांढरा 'अ', तांबडा 'ब' असं मांडून ब्लॉक सब्स्टिट्यूशन (प्रत्येक अक्षराच्या जागी त्याचे रंगीत धागे भरणं) करायचं. मग 'अ' बदलून परत चालवलं की सगळीकडे बदलतो. कुठलं सॉफ्टवेअर वापरता ते लिहा, मेनू कुठे असतो ते सांगते.