पी०१३५ आला म्हणून थेट सेन्सर बदलू नका
या चर्चेत कुणीतरी म्हटलंय की पी०१३५ कोड (गाडीच्या कॉम्प्युटरनं दाखवलेला बिघाडाचा कोड) आला म्हणजे ऑक्सिजन सेन्सर (एक्झॉस्टमधला ऑक्सिजन मोजणारा) गेला, नवीनच टाका, हे मला अजिबात पटत नाही. हा कोड पुढच्या, म्हणजे कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या आधीच्या सेन्सरच्या हीटर सर्किटचा (सेन्सर गरम करणाऱ्या भागाचा) आहे, त्यात फ्यूज, वायरिंग, कनेक्टर सगळंच आलं.

माझ्या गाडीला भर पावसात गगनबावड्याहून कोल्हापुरात येताना चेक इंजिन लाईट लागली, उद्यमनगरात एकानं न उघडताच नवीन सेन्सर सांगितला, दुसऱ्या मिस्त्रींनी मात्र आधी फ्यूज बघितला मग कनेक्टर काढून मल्टीमीटरनं हीटर मोजला तर ६ ओहम, म्हणजे हीटर ठणठणीत, आणि कनेक्टरच्या पिना पाण्यानं हिरव्या पडलेल्या! साफ करून कोड क्लिअर केला, लाईट परत आलीच नाही. सेन्सरच्या चार वायरीतल्या एकाच रंगाच्या दोन बहुतेक हीटरच्या असतात, इंजिन गार असताना मोजा आणि हीटर ओपन (आतून तुटलेला) किंवा मापाबाहेर दाखवला तरच नवीन सेन्सरला पैसे घाला.