सोनसाखळी चोरीवर लघुप्रबंध: संशोधनाचा उद्देश नेमका कोणता लिहायचा?

निळी_शाई (धागालेखक):

गुन्हेशास्त्राच्या पदव्युत्तर लघुप्रबंधासाठी ‘शहरातील सोनसाखळी चोरी आणि पोलीस गस्त’ हा विषय घेतला आहे. उद्दिष्टं अशी लिहिली होती: गुन्ह्याचं स्वरूप अभ्यासणे, कारणं शोधणे, गस्तीची परिणामकारकता तपासणे, शिफारशी करणे. मार्गदर्शकांनी ‘हे चार प्रबंध आहेत, एक ठरवा’ असा शेरा मारून आराखडा परत पाठवला.

अन्वेषणात्मक, वर्णनात्मक, स्पष्टीकरणात्मक, मूल्यमापनात्मक या व्याख्या पाठ आहेत. अडचण ही की कोणता उद्देश घेतला की प्रत्यक्ष कामात काय बदलतं ते कळत नाही. आकडे एनसीआरबीचे (राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचे) घ्यावेत की ठाण्याचे? आणि ‘गस्तीमुळे चोऱ्या घटल्या का’ हे सहा महिन्यांत दाखवता येईल का?

पाटी_पेन्सिल:

शेरा रास्त आहे. व्याख्या थोडा वेळ बाजूला ठेवा आणि एका प्रश्नाचं उत्तर कागदावर लिहा: नोंदलेल्या गुन्ह्यांचा आकडा वाढला, तर तुमच्या अभ्यासात ते यश की अपयश?

मध्य प्रदेशात १८० पोलीस ठाण्यांवर एक प्रयोग झाला, निष्कर्ष २०२२ साली प्रसिद्ध झाले. चिठ्ठ्या टाकाव्यात तशी ठाणी तीन गटांत वाटली: काहींत महिला मदत कक्ष, काहींत तोच कक्ष पण महिला अधिकाऱ्याच्या हाती, उरलेली ठाणी जशीच्या तशी. कक्ष असलेल्या ठाण्यांत महिलांच्या तक्रारींची नोंद वाढली. एफआयआरमधली वाढ मुख्यतः महिला अधिकारी असलेल्या कक्षांतून आली. तिथे उद्देश ‘पोलीस दाद देतात का’ हे तपासण्याचा होता, म्हणून वाढलेला आकडा यश ठरला. ‘महिलांवरील अत्याचार घटले का’ असा उद्देश असता तर तोच आकडा चुकीचा मापक ठरला असता. सोनसाखळीचंही तसंच. गस्त वाढली, पोलीस समोर दिसू लागले, लोक तक्रार द्यायला पुढे आले आणि दाखल गुन्हे वाढले, तर तुम्ही काय लिहिणार?

आता तुमच्या विषयापुरतं बोलू. फारसं कुणी न पाहिलेल्या बाजूची तोंडओळख करून घ्यायची असेल (उदा. हिसकावलेलं सोनं वितळवून कुठे खपतं), तर उद्देश अन्वेषणात्मक, आणि मोजक्या मुलाखती व फाइली पुरतात. मात्र टक्केवारी काढायची नाही. स्वरूप मांडायचं असेल (वर्णनात्मक) तर दोन-तीन वर्षांचे सगळे गुन्हे घ्यावे लागतात. ‘निवडक’ प्रकरणांवर वर्णन उभं राहत नाही. कारण शोधायचं (स्पष्टीकरणात्मक) तर तुलना हवी: जिथे चोरी झाली ते चौक आणि तशीच वर्दळ असून जिथे झाली नाही ते चौक. फक्त चोरी झालेले चौक पाहून ‘अंधार हे कारण’ म्हणता येत नाही, चोरी न झालेल्या चौकातही अंधार असेल. मूल्यमापनात उपाय सुरू होण्याआधीची मोजणी लागते. उपाय सुरू होऊन गेला असेल तर जुन्या नोंदींवरच भिस्त.

लघुप्रबंधाला वर्णनात्मक उद्देश घ्या आणि फार तर त्यातून निघणारा एक तुलनेचा प्रश्न जोडा. ‘शिफारशी करणे’ हे उद्दिष्टांतून काढून टाका. शिफारस निष्कर्षातून निघते, आराखड्यात लिहून ठेवायची गोष्ट नव्हे.

मुद्देमाल_कारकून:

आकड्यांबद्दल सांगतो, कारण घोळ तिथेच होतो.

एनसीआरबीचा वार्षिक अहवाल तुमच्या कामाला जवळजवळ निरुपयोगी. त्यात एका एफआयआरमध्ये अनेक कलमं असली तरी सर्वांत गंभीर एकच मोजलं जातं. हिसकाहिसकीत बाई पडून दगावली आणि खुनाचं कलम लागलं, तर तो गुन्हा खुनात जातो. महानगरांचं दर लाख लोकसंख्येमागचं प्रमाणही २०११ च्या जनगणनेवर काढलेलं असतं, म्हणजे झपाट्याने वाढलेल्या शहरांत ते फुगलेलं दिसतं.

कलमांचं पाहा. १ जुलै २०२४ पूर्वी सोनसाखळी आपल्याकडे बहुधा भारतीय दंड विधान (भादंवि) ३९२, म्हणजे जबरी चोरीत दाखल व्हायची, कुठे कुठे ३७९ (साधी चोरी) मध्येही. त्या तारखेपासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत हिसकावून चोरीसाठी ३०४ हे वेगळं कलम आलं आणि जबरी चोरी ३०९ मध्ये गेली. त्यामुळे २०२३ आणि २०२५ च्या ‘जबरी चोरी’ या रकान्याची तुलना केलीत तर घट दिसेल, पण ती घट रस्त्यावरची नसून रजिस्टरमधली असेल. कलमावर जाऊ नका, फिर्यादीचा मजकूर वाचा: गळ्यातून दागिना ओढला का, वाहन होतं का, किती जण होते. त्यावरून स्वतः वर्गवारी करा. मोक्का (संघटित गुन्हेगारीविरोधी कायदा) पुढे लागला असेल तर तो मूळ एफआयआरमध्ये दिसणार नाही, हेही ध्यानात ठेवा.

हद्दीही बदलतात. पिंपरी-चिंचवड आयुक्तालय १५ ऑगस्ट २०१८ ला झालं, मिरा-भाईंदर वसई-विरार ऑक्टोबर २०२० मध्ये. ज्या शहराच्या किंवा जिल्ह्याच्या हद्दीतून ती कापली गेली, त्याच्या आकड्यात तिथे खड्डा पडलेला दिसतो. ठाणी विभागली गेली की तेच. आलेखावर अशा तारखांना उभी रेघ मारून ठेवा.

एफआयआरमधून घ्यायच्या गोष्टी: घटना कधी घडली आणि ठाण्यात खबर कधी आली (दोन्ही तिसऱ्या रकान्यात असतात, घटनेचीच वेळ घ्या), ठाण्यापासून दिशा व अंतर, बीट (ठाण्याच्या हद्दीतला गस्तीचा भाग), पत्ता. पत्ता ‘अमुक मंदिराजवळ, सार्वजनिक रोड’ असा असतो, त्यामुळे नकाशावर टाकण्याआधी प्रत्यक्ष जाऊन बघा. मुद्देमाल रुपयांत मोजू नका, सोन्याचा भाव चढला की तेवढ्याच चोऱ्यांत रक्कम फुगते. फिर्यादीत वजन दिलेलं असतं, ते ग्रॅममध्ये घ्या.

आणि ‘उघड’चा (उघडकीस आलेल्या गुन्ह्यांचा) रकाना जपून वापरा. एक टोळी पकडली की तिच्याकडून मागचे पंधरा-वीस गुन्हे एकदम उघड होतात, एखाद्या महिन्यात दाखलपेक्षा उघड जास्त दिसतात. शोध न लागलेल्यांची ‘अ’ समरी (तपास बंद करण्याचा अहवाल) होते, म्हणजे गुन्हा खरा पण तपास लागला नाही. ‘ब’ समरी म्हणजे खोटी फिर्याद. हे दोन्ही एकत्र ‘निकाली’ म्हणून मोजलेले प्रबंध आहेत, तसं करू नका.

एफआयआर मिळवणं सोपं आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या निर्देशांनुसार लैंगिक अत्याचारासारखे संवेदनशील गुन्हे वगळता एफआयआर संकेतस्थळावर टाकावे लागतात. महाराष्ट्र पोलिसांच्या नागरिक पोर्टलवर जिल्हा, ठाणं, तारीख निवडून पाहता येतात. गुन्हा रजिस्टर नंबर वर्षभर क्रमाने चालतो, त्यात मधले नंबर गळलेले दिसले की तेवढे एफआयआर चढवलेले नाहीत असं समजा आणि त्यांची यादी करा. महिनावार संख्या माहिती अधिकारात मागा: दहा रुपये शुल्क, एकच विषय, दीडशे शब्दांच्या आत, हा आपल्या राज्याचा नियम आहे. ‘कारणमीमांसा द्यावी’ असं लिहिलंत तर अर्ज परत येईल, कार्यालयात आहे तेवढीच माहिती द्यायची असते.

गुणाकार:

वरच्यात एक भर. रजिस्टरात काय येत नाही तेही मोजा. बऱ्याच बायका आता फिरायला जाताना एक ग्रॅमवालं मंगळसूत्र घालतात. ते ओढलं गेलं तर कोण ठाण्यात जाऊन दोन तास बसणार? चोराला मात्र ते खरं की खोटं हे ओढल्यावरच कळतं. म्हणजे गुन्हा तोच, नोंद शून्य. यासाठी घरोघरचं सर्वेक्षण लागतं. आयडीएफसी इन्स्टिट्यूट या संशोधन संस्थेने दिल्ली, मुंबई, चेन्नई, बंगळूर या शहरांत असं केलं होतं. तुम्हाला एका प्रभागात दीड-दोनशे घरं पुरतील, पण त्यातून गुन्ह्याचा दर काढू नका. इतक्या घरांत सोनसाखळीच्या घटना हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याच निघतील. ‘असं झालं तर तक्रार कराल का, न केल्यास का नाही’ एवढंच विचारा.

आता सहा महिन्यांचा प्रश्न. समजा एका ठाण्याच्या हद्दीत गस्तीआधीच्या तिमाहीत ८ घटना होत्या, नंतरच्या तिमाहीत ४. ‘निम्म्यावर आल्या’ अशी बातमी होईल. पण एकूण १२ घटना दोन तिमाहींत नुसतं नाणं उडवून वाटल्या, तरी दुसऱ्या तिमाहीत ४ किंवा कमी पडण्याची शक्यता १९ टक्के असते. हेच ४० चे २० झाले असते तर ती शक्यता एक टक्क्याच्याही खाली जाते. प्रमाण तेच, वजन वेगळं. त्यातही सोनसाखळीवाले एकाच सकाळी दुचाकीवरून तीन ठाण्यांच्या हद्दीत चार-पाच ठिकाणी हात मारतात. त्या पाच घटना नसून एक फेरी आहे, त्यामुळे वरचं गणितही तुम्हाला जरा जास्तच अनुकूल आहे. फेऱ्या वेगळ्या ओळखून मोजा.

शिवाय गस्त लावतात कुठे? मागच्या महिन्यात ओरड झाली तिथे. जिथे आकडा अचानक चढला होता, तिथे तो काही न करताही थोडा उतरतोच. लग्नसराई, नवरात्र यांचा चढउतार वेगळा. म्हणून मागच्या वर्षीच्या त्याच तिमाहीशी आणि गस्त नसलेल्या पण तशाच भागाशी, अशी दुहेरी तुलना हवी. चोरी शेजारच्या भागात सरकली का, हे पाहायला गस्तीच्या पट्ट्याभोवतीचा वेढा वेगळा मोजा. चोर दुचाकीवर असतील तर हा वेढा दोन गल्ल्यांचा धरून भागत नाही.

आणि गस्त खरंच झाली का? अमेरिकेत कॅन्सस सिटीला गस्तीचा प्रसिद्ध प्रयोग झाला. १५ बीट, पाच-पाचचे तीन गट: एकात नेहमीची गस्त, एकात दोन-तीन पट, एकात बोलावणं आलं तरच गाडी जायची. जुलै १९७२ मध्ये सुरू केला आणि थांबवावा लागला, कारण ‘गस्त नाही’ असं ठरलेल्या बीटमध्येही गाड्या शिरत होत्या. ऑक्टोबरपासून पुन्हा वर्षभर केला तेव्हा गुन्हे, भीती, समाधान यांत म्हणण्यासारखा फरक आढळला नाही. लोक त्यावरून ‘गस्त निरुपयोगी’ म्हणतात, ते चूक. तो प्रयोग गाडीतून भागभर फिरण्याबद्दल होता. अमेरिकेतल्याच मिनियापोलिसमधल्या नोंदींवरून १९९५ साली असं दिसलं की नेमक्या गुन्हेबहुल ठिकाणी १०-१५ मिनिटं थांबून निघून जाण्याचा परिणाम नुसत्या जाता जाता नजर टाकण्यापेक्षा जास्त टिकतो. तेव्हा ‘गस्त’ म्हणजे काय हे आराखड्यात लिहा: पायी की मोटारसायकलवर, किती वाजता, एका जागी किती मिनिटं.

वाकडी_वाट:

सगळं मान्य, पण सगळे ‘गुन्हा घटला का’ याच्याच मागे लागलेत. पोलीस स्वतःचं वागणं कसं ठेवतात, हे तपासणं हासुद्धा संशोधनाचा उद्देश आहे, आणि आपल्याकडे त्याचीच वानवा आहे. राजस्थानात ११ जिल्ह्यांतल्या १६२ ठाण्यांवर झालेल्या प्रयोगात संशोधकांनी खोटे तक्रारदार पाठवून एफआयआर घेतला जातो का हे पाहिलं. बदल्या थांबवणं आणि प्रशिक्षण यांचा तक्रारदारांच्या समाधानावर चांगला परिणाम दिसला. पोलिसांना साप्ताहिक सुट्टी आणि ठाण्यात बसवलेले समाजातले निरीक्षक यांचा ठोस परिणाम दिसला नाही, आणि त्याचं एक कारण हे की सुट्टीचा आदेश निघाला तरी ती ठाण्यात नीट अमलातच आली नाही.

@पाटी_पेन्सिल, शिफारशींबाबत तुमच्या बाजूचा एक दाखला. मिनियापोलिसमध्ये ३१४ घरगुती मारहाणीच्या प्रकरणांवर प्रयोग झाला, १९८४ साली निष्कर्ष आला की अटकेने पुन्हा मारहाण कमी होते. त्यानंतर अनेक राज्यांनी अटकेच्या बाजूने कायदे आणि धोरणं बदलली. मग इतर शहरांत तोच प्रयोग केला तेव्हा निकाल एकसारखे आले नाहीत. मिलवॉकीत कामधंदा नसलेल्यांच्या बाबतीत अटकेनंतर मारहाण वाढलेली दिसली. एका शहराच्या एका अभ्यासावर धोरण बेतणं बायकांना महागात पडू शकतं.

निळी_शाई:

सर्वांचे आभार. आता उद्देश वर्णनात्मक ठेवते: तीन ठाणी, कलमबदलाच्या दोन्ही बाजूंची वर्षं, फिर्यादींच्या मजकुरावरून वर्गवारी. गस्तीचं मूल्यमापन काढून टाकते. सोनं खपवण्याबाबत तुरुंगातल्या काही आरोपींशी बोलता येईल का? वाकडी_वाट यांचं वाचून खोटा तक्रारदार पाठवण्याचाही मोह होतोय.

पाटी_पेन्सिल:

दुसरं अजिबात करू नका. राजस्थानात पोलीस खात्याचाच त्या प्रयोगात सहभाग होता. एकट्या विद्यार्थ्याने खोटी खबर दिली तर तो सरळ गुन्हा आहे.

तुरुंगासाठी विद्यापीठाचं पत्र, प्रश्नावली आणि संमतीपत्राचा नमुना घेऊन पुण्याच्या कारागृह व सुधारसेवा मुख्यालयात अर्ज करा. परवानगीला काही महिनेही लागू शकतात, म्हणून अर्ज आजच टाका आणि ती आली नाही तरी प्रबंध उभा राहील असा आराखडा ठेवा. कच्च्या कैद्यांऐवजी (खटला चालू असलेल्यांऐवजी) अपील संपलेले शिक्षाबंदी, म्हणजे शिक्षा झालेले कैदी घ्या. वकील-अशिलाच्या बोलण्याला कायद्याचं संरक्षण असतं, संशोधकाला ते नाही. तुमची वही न्यायालय मागवू शकतं. त्यामुळे ‘तू अमुक चोरी केलीस का’ असं न विचारता ‘असा माल साधारण कुठे जातो’ असं विचारा, आणि वहीत नाव न लिहिता क्रमांक टाका. संमती घेताना शिपाई दोन हात लांब उभा राहील याची व्यवस्था अधीक्षकांशी आधीच बोलून ठेवा.

मुद्देमाल_कारकून:

आणि जे भेटतील ते पकडले गेलेले. सराईत, न सापडलेला तुमच्या वहीत येणार नाही, हे मर्यादांच्या प्रकरणात पहिल्याच ओळीत लिहा. तीन ठाणी निवडण्याआधी २०१८ नंतर त्यांची हद्द बदलली का तेवढं आयुक्तालयातून लेखी घ्या.